मी बंद केलेला हुंकारा

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी माझ्या पंचाहत्तरीनिमित्त एक छोटी स्मरणिका काढायचे ठरवले आहे. त्यांच्यापैकी दोघे मध्यंतरी घरी आले, चहा घेतला आणि मला विषयही देऊन गेले. गोष्टी सांगत आणि वाचत मी जपानी कसे शिकवले, ते दोन पानांत लिहायचे. "सर, ती हुंकाऱ्याची आयडिया तुम्हाला कशी सुचली, ते जरूर लिहा," असे एक जण चपला घालता घालता म्हणाला.

मी मान डोलावली. ते गेल्यावर कप तसेच राहिले होते, मीही तसाच बसून राहिलो.

गोष्ट ऐकणाऱ्याने मधून मधून 'हूं' म्हणायचे, ही कल्पना मला सुचलेली नाही. ती माझ्या वर्गातल्या एका मुलीची. एका सोमवारी दुपारी, तिच्या नोकरीचा निकाल लागायचा होता तेव्हा, मी तिचा तोच हुंकारा बंद केला. तिची गोष्ट अडली. का अडली असे निवडीसाठी आलेल्या कंपनीच्या पाहुण्यांनी विचारले, तेव्हा मी खोटे बोललो. याला बारा वर्षे झाली. दोन पानांत बसले नाही तरी मला हेच लिहायचे आहे.

वर्ग औरंगपुऱ्यात, एका संस्थेच्या पहिल्या मजल्यावर भरायचा. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, मंगळवारी वेरूळची. म्हणून वर्ग सोमवारी आणि मंगळवारी, दुपारी दोन ते पाच. फर्दापूरचे गाइड सोमवारी यायचे, वेरूळचे मंगळवारी. शहरातली कॉलेजची मुले दोन्ही दिवस असत. एकूण वीस-बावीस जण. जपानी प्रवासी लेणी पाहायला येतात, शेंद्र्याकडे कारखाने आलेत, दोन पैसे जास्त मिळतील, एवढ्या साध्या आशेवर माणसे बाके भरून बसत.

मी स्वतः जपानी शिकलो पुण्यात, मग वर्षभर जपानला राहूनही आलो. येताना लहान मुलांची चित्रांची पुस्तके ट्रंक भरून आणली होती. माझी पद्धत अशी : मी एक पान वाचायचे, वर्गाने ऐकायचे, मग मी प्रश्न विचारायचे. ससा कुठे गेला? म्हातारीने काय दिले? उत्तरे यायची, पण ती पुस्तकातलीच वाक्ये असायची, उचलून ठेवल्यासारखी. पुस्तक मिटले की भाषाही मिटायची. फर्दापूरचे एक गाइड होते, पन्नाशीचे, वर्गात सगळे त्यांना काका म्हणत. ते एकदा म्हणाले, "सर, हे सशाचं आपल्याला पाठ झालं. पण टूरिस्ट काय सशाचं विचारत नाय."

सगळे हसले. मीही हसलो आणि पुढचे पान उघडले.

ती मुलगी आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. करमाडजवळच्या एका गावातून जालना रोडने बसने यायची. तिच्या वडिलांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. घरात शिकलेली तीच. वसाहतीत एक जपानी कंपनी दुभाष्याच्या जागेसाठी माणूस शोधणार आहे, असे तिला कुणीतरी सांगितले होते. "जमीन कंपनीत गेली, तर मीबी कंपनीत जाते," असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. ते ती विनोदाने म्हणाली, पण नंतर एकही तास चुकवला नाही.

चार महिन्यांनी मी वर्गाला काम दिले, की प्रत्येकाने स्वतःची एक गोष्ट जपानीत सांगायची. तिची पाळी आली. वरातीचा बँड चुकून शेजारच्या गावात गेला आणि तिथल्या भलत्याच मांडवासमोर वाजवत बसला, अशी काहीतरी तिच्या गावची हकिकत होती. तिने दोन वाक्ये सांगितली आणि थांबली. वर्ग गप्प. ती आमच्याकडे पाहत राहिली.

"विसरलीस का?" मी विचारले.

"नाही सर. हुंकारा कुणीच देईना. मंग गोष्ट पुढं कशी जाईल?"

"अगं, हा वर्ग आहे."

"वर्गात काय माणसं नाहीत का?" असे म्हणाले ते फर्दापूरचे काका. "दे पोरी, मी देतो. हूं!"

"हूं नाही काका, जपानीत द्या," ती म्हणाली.

तिथून ते सुरू झाले. जपानी माणूस ऐकताना कधी नुसता बसत नाही. समोरचा बोलत असताना तो मधून मधून 'हाइ' म्हणतो, म्हणजे ऐकतोय. 'नारुहोदो' म्हणतो, म्हणजे अस्सं होय. 'सोरे कारा?' विचारतो, म्हणजे मग पुढे? हे न करणारा श्रोता त्यांना एक तर रागावलेला वाटतो, नाही तर कंटाळलेला. हे मला पक्के ठाऊक होते. माझ्या वहीत त्यावर अख्खे एक पान होते आणि ते मी दरवर्षी फळ्यावर उतरवून देत असे. पण आपल्याकडे शेतात, खळ्यावर गोष्ट ऐकताना देतात तो हुंकारा तो हाच, हे मला कधी दिसले नव्हते. तिला दिसले.

पुढचे सहा महिने वर्ग ओळखू येईना. एक जण सांगायचा, बाकीच्यांनी हुंकारा द्यायचा, आणि तोही योग्य जागी. बैल मेला असे सांगणारा म्हणाला आणि कुणी 'अस्सं होय' म्हटले की सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडायचा. त्यामुळे प्रत्येकाला कान देऊन ऐकावे लागे. आणि 'सोरे कारा?' असा धक्का आला की सांगणाऱ्याला पुढचे वाक्य कुठून तरी आणावेच लागे. मोडके येई, पण येई. वेरूळचा एक गाइड वर्षभर तोंड उघडत नव्हता. त्याने आपल्या मेहुण्याच्या मोटरसायकलची गोष्ट पंधरा मिनिटे सांगितली. काका एकदा मला म्हणाले, "सर, लई वर्षं झाली, मी टूरिस्टला चित्र दाखवतो, तो हाइ हाइ करतो. मला वाटायचं, ह्याला सगळं कळलं, आता पुढच्या लेण्याला चला. तो तर मला म्हणत व्हता, अजून सांग."

मला हे सगळे आवडत होते, असे मी म्हणेन तर तेही पूर्ण खरे नाही. निकाल आवडत होता. आवाज आवडत नव्हता. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पोथी आणि कारकुनी. पोथी वाचली जाताना कुणी हूं की चूं केले तर वडील नुसते बोट वर करत. ऐकणे म्हणजे गप्प बसणे, हे माझ्या अंगात भिनलेले. आणि त्या वर्गाचा हुंकारा जपानी असला तरी त्याचा सूर चावडीचा होता. शेजारच्या खोलीतले टॅलीचे सर एकदा दारातून डोकावून म्हणाले, "काय हो, जपानी शिकवताय की गोंधळ घातलाय?" ते मला लागले. त्यांना काहीतरी उत्तर द्यायला हवे होते. मी ओशाळून दार लावून घेतले.

मग कंपनीचे पत्र आले. दोन जपानी गृहस्थ आणि एक बाई वर्गाला भेट देणार, आणि इथूनच एका उमेदवाराला सहा महिने तिकडे नेऊन शिकवणार, परत आल्यावर कायमची नोकरी. पाठांतराचे भाषण नको, प्रत्येकाने वर्गासमोर स्वतःची गोष्ट सांगावी, असे त्यांनीच कळवले होते. मी दोन नावे दिली. एक तिचे. दुसरे शहरातल्या एका मुलाचे. त्याचे वडील वकील, आई शाळेत, घर माझ्या घरासारखे. त्याचे जपानी स्वच्छ होते, लिपी सुरेख. तो बोलायला लागला की मला माझेच तरुणपण समोर उभे राहिल्यासारखे वाटे. त्यात त्याचा काही दोष नाही. पुढेही तो चांगलाच वागला.

ते आले तो सोमवार होता. ते येण्याआधी अर्धा तास मी वर्गाला सांगितले, "आज हुंकारा नको. पाहुणे मोठे आहेत. शांत बसायचे. हाताची घडी, तोंडावर बोट."

"सर, पण तिची गोष्ट," काका म्हणाले.

"तुमच्यासाठीसुद्धा, काका."

"म्हंजी आपण आज पहिलीत," ते म्हणाले आणि खरोखर तोंडावर बोट ठेवून बसले. वर्ग हसला. ती हसली नाही. ती दारापाशी पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी होती. त्या दिवशी ती साडी नेसून आली होती.

मुलाने आधी सांगितले. आजोळच्या सुट्टीची गोष्ट, नऊ मिनिटे, कुठेही न थांबता. त्याला कुणाची गरज नव्हती. पाहुणे आपसूक 'हाइ, हाइ' करत होते. वर्ग दगडासारखा.

मग ती उभी राहिली. तिची गोष्ट बैलाची होती. जमीन गेली, तारेचे कुंपण आले, मग भिंत आली. घरी एक म्हातारा बैल उरला होता. तो रोज सकाळी सोडला की जुन्याच वाटेने चालत जायचा आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहायचा, जिथे पूर्वी बांध होता. हे तिने जपानीत सांगितले, कंपनीच्याच माणसांना, आणि कुठेही तक्रारीचा सूर लावला नाही. बैल भिंतीला नाक लावतो, वास घेतो. मग भिंतीपलीकडून वॉचमन येतो.

इथे ती थांबली. गोष्टीतली ही जागाच थांबायची होती. इथे 'सोरे कारा?' यायला हवे होते.

कुणी बोलले नाही. तिने काकांकडे पाहिले. काकांचे बोट तोंडावर होते आणि त्यांची नजर माझ्याकडे. मी मान वर केली असती, नुसती पापणी हलवली असती, तरी त्यांनी हुंकारा दिला असता. मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिलो. कागद कोरा होता.

तिने ते वाक्य पुन्हा म्हटले. भिंतीपलीकडून वॉचमन येतो. पाहुण्यांतल्या त्या बाईंनी हळूच 'हाइ' म्हटले. त्यावर ती पुढे निघाली, पण वाक्य अर्ध्यातच तुटले. क्रियापद सापडेना. मराठीत 'मग' म्हणाली, 'मग, मग', आणि खाली बसली.

नंतर माझ्या खोलीत चहा झाला. त्या बाईंनी मला विचारले, "वर्ग तिच्यावर रागावलाय का? इतका गप्प का होता?"

सांगायला एक वाक्य पुरले असते. मीच गप्प बसायला सांगितले होते, तिला पुन्हा बोलावू का? पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "नाही, तिची तयारी कमी पडली." आणि संस्थेच्या अभिप्रायाच्या कागदावरही तेच लिहिले. खाली सही केली.

मुलगा निवडला गेला. ती पुढच्या सोमवारी वही परत करायला आली. काय झाले असे तिनेच विचारले आणि मी तिलाही तेच सांगितले. "तयारी कमी पडली तुझी." तिने मान हलवली आणि जिना उतरून गेली. पुन्हा आली नाही.

ही हकिकत याआधीही मी कुणाकुणाला सांगितली आहे. पण सांगताना मी नेहमी असे म्हणत आलो, की मी शिस्तीच्या नादात चुकलो, तिचे असे होईल याची मला कल्पना नव्हती. पत्नीलाही तसेच सांगितले होते. ती आता नाही. पण ते सांगणे खरे नव्हते.

खरे असे. त्याच्या आदल्या शनिवारी ती सराव करायला एकटी आली होती. मी टेबलाशी वह्या तपासत होतो. ती बैलाची गोष्ट सांगू लागली. मी मान खाली घालून ऐकत होतो, काही बोललो नाही. वॉचमनपाशी ती अडली.

"सर, तुम्ही हूं म्हणा ना," ती म्हणाली. "समोरचा गप बसला की वाटतं, ऐकतच नाही. मंग माझं सगळं सुटतं. लहानपणापासनं तसंच आहे."

"तिथे कोण हूं म्हणणार तुला?"

"वर्ग म्हणंल की. सवयच आहे त्यांना."

म्हणजे मला माहीत होते. शनिवारी कळले आणि सोमवारी मी वर्गाचे तोंड बंद केले. टॅलीच्या सरांसारखे पाहुण्यांनी हसू नये, हे एक कारण होते. दुसरे कारण तो मुलगा. तो निवडला जावा असे मला वाटत होते, आणि तिच्या गोष्टीपुढे त्याची गोष्ट फिकी आहे हे मी शनिवारीच ओळखले होते. यातले कुठले कारण किती, हे मी पुष्कळदा तोलून पाहिले. आता तोलत नाही.

ती गेली तरी हुंकारा वर्गात राहिला. नव्या मुलांना वाटले, ही सरांचीच पद्धत. मीही वाटू दिले. पुढे दोन-तीन ठिकाणी शिक्षकांसमोर त्यावर व्याख्यान दिले. 'आपल्या मातीतला हुंकारा' असे मी म्हणत असे आणि टाळ्या पडत. ती माती कुणाची, ते कधी सांगितले नाही.

स्मरणिकेचे दोघे येऊन गेल्यानंतर चार दिवसांनी मी फर्दापूरच्या काकांना फोन केला. ते आता काम करत नाहीत, गुडघे गेलेत. त्यांनी तिचा पत्ता लगेच सांगितला, जणू बारा वर्षे कुणी तरी विचारील म्हणून तोंडपाठ करून ठेवला होता. "जा सर," एवढेच म्हणाले. आणि मग, "मीबी बोट काढायला पायजे व्हतं."

"तुमचा काय दोष, काका?"

"तोंड तर माझंच व्हतं ना."

करमाडला रस्त्यालगत तिचे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे छोटे दुकान आहे. सातबारा, पीक विमा, परीक्षेचे अर्ज. मी पोचलो तेव्हा एक म्हातारा शेतकरी तिला मुलाच्या भांडणाची सगळी कथा सांगत होता आणि ती टाइप करता करता म्हणत होती, "हूं. मंग? हूं. आधार कार्ड द्या, मंग?" मी दारातच उभा राहून ते ऐकले.

तिने ओळखले. "सर? तुम्ही? या, स्टूल घ्या. चहा सांगते."

म्हातारा गेल्यावर मी सांगायला सुरुवात केली. शनिवारपासून सांगितले. तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले. ती हूं म्हणाली नाही. एकदाही नाही. मी एक वाक्य बोलायचो आणि थांबायचो, ती माझ्याकडे पाहत राहायची. भाषा माझी मायबोली, तरी शब्द सापडेना. चहा आला, तसाच राहिला. कसाबसा त्या बाईंच्या प्रश्नापर्यंत आलो, माझे उत्तर सांगितले आणि गप्प झालो.

"मंग?" ती म्हणाली.

"मग काय. एवढेच."

"एवढंच कसं, सर? त्याच्या पुढं बारा वर्षं हायेत." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणलात तयारी कमी पडली, ते मी खरं धरलं. घरी बापानं विचारलं, पोरी काय झालं? म्हणलं, मला येत नाही, दादा. ते त्यांनीबी खरं धरलं. वारले तवर तेच धरून होते. मी तर त्या दिवसापासनं जपानीचा एक शब्द तोंडात आणला नाही. हितं कधीमधी कंपनीचे साहेब रस्ता विचारायला थांबतात. मी आत जाते."

मी माफी मागितली. ती मागताना हात जोडले. तिने ते हात पाहिले आणि मग बाहेर रस्त्याकडे पाहिले.

"मोठ्या माणसानं हात जोडले की आमच्यात नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून नका जोडू."

मी हात खाली घेतले. स्मरणिकेचे सांगितले, यातले सगळे लिहीन म्हणालो, तिचे नाव घालून लिहीन म्हणालो.

"नाव नका टाकू. हितं फॉर्म भरायला माणसं येतात, उगं कीव करतील." तिने हात पुन्हा कीबोर्डवर ठेवले. "पण तयारी होती, ते टाका."

"टाकतो."

"नीट टाका. गोष्ट पुरी होती माझी. शेवटापर्यंत बसवलेली होती."

मला विचारायचे नव्हते, पण विचारले गेले. "त्या बैलाचे पुढे काय झाले? वॉचमन आला, मग?"

ती पहिल्यांदा हसली, अगदी थोडे. "ते त्या दिवशी सांगणार होते, सर."

दारात एक बाई कागदांची पिशवी घेऊन उभी राहिली होती. ती त्या बाईकडे वळली. "या मावशी, बसा. हूं, सांगा. गट नंबर काय?"

मी स्टूल बाजूला सरकवून ठेवले आणि बाहेर आलो. शहराकडे येणाऱ्या बसमध्ये खिडकीतून ती भिंत दिसते. शेंद्र्यापासून बराच वेळ दिसत राहते. तिच्यालगत कुठला बांध कुठे होता, हे आता कुणाला सांगता येणार नाही.

स्मरणिका काढणाऱ्यांना एवढीच विनंती. लेख लांबला आहे, काटछाट लागेल ती करा. पण हे वाक्य काढू नका : त्या मुलीची तयारी पूर्ण होती. हेच वाक्य मी वेगळ्या कागदावर लिहून, सही करून, संस्थेच्या कार्यालयात देऊन आलो आहे, जुन्या अभिप्रायाला जोडण्यासाठी. तिथल्या क्लार्कने विचारले, आता याचा काय उपयोग, सर? मी त्याला जुनी फाइल काढायला सांगितली. त्याने तो कागद टाचून लावेपर्यंत मी त्याच्या टेबलापाशी उभा होतो.